भात राखलं, गाव सुटलं

मे २०२५मध्ये जपानचे कृषिमंत्री ताकू एतो यांना एका वाक्यापायी खुर्ची सोडावी लागली. आपण तांदूळ कधी विकत घेतलेलाच नाही, समर्थक भरपूर आणून देतात, असं ते एका कार्यक्रमात बोलून गेले. त्या दिवसांत जपानच्या दुकानांत पाच किलो तांदळाच्या पिशवीचा भाव ४,२०० येनांच्या पुढे गेला होता. वर्षभरापूर्वी तो जवळपास निम्मा होता. लोक भडकले आणि काही दिवसांतच मंत्री पायउतार झाले.

महागाईने पिचलेल्या गिऱ्हाइकाचा तो राग रास्तच होता. पण त्या गदारोळात एक मोठा प्रश्न मागे पडला. ज्या देशाने अर्धं शतक आपल्या शेतकऱ्यांना भात कमी लावायला सांगितलं आणि त्यासाठी पैसेही मोजले, परदेशी तांदळावर किलोला ३४१ येन इतकी जबर जकात बसवून घरचं पीक जपलं, त्या देशात तांदूळ तुटतोच कसा?

तात्कालिक कारणं आहेत. २०२३चा उन्हाळा तोवरच्या नोंदींत सर्वांत तापलेला ठरला. दाणा भरायच्या दिवसांत रात्रीसुद्धा उकाडा हटला नाही, त्यामुळे दाणे पांढुरके आणि ठिसूळ निघाले. निईगाता प्रांतात ‘कोशिहिकारी’ या नामांकित जातीचा पहिल्या प्रतीत बसलेला वाटा पाच टक्क्यांच्या आसपास घसरला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मोठ्या भूकंपाचा इशारा आला, लोकांनी घरात साठा केला आणि दुकानांची फडताळं रिकामी झाली. पण एका वाईट हंगामाने आणि एका इशाऱ्याने कोलमडावी इतकी ही व्यवस्था तकलादू का झाली होती? शेती हाच मुख्य उद्योग असलेली माणसं १९६०मध्ये जपानात १ कोटी १७ लाखांच्या घरात होती. २०२०च्या कृषिगणनेत ती १३ लाख ६३ हजार उरली आणि त्यांचं सरासरी वय भरलं ६७.८ वर्षं. कुठल्याही कचेरीत माणूस निवृत्त होतो त्या वयाच्या पुढे गेलेले लोक तिथे चिखलात उभे आहेत.

माझं म्हणणं असं आहे : जपानने भात राखलं, पण भात पिकवणारं गाव राखलं नाही. भाताला पीक म्हणून, मतपेढी म्हणून, राष्ट्राची ओळख म्हणून संरक्षण मिळालं. पण ज्या सामायिक कामातून भातशेतीचं गाव उभं राहतं, त्या कामाला कुणी मोल दिलं नाही. आणि गाव गेलं की भातही फार दिवस तग धरत नाही.

निईगाता प्रांतातलं तोकामाची घेऊ. जपान समुद्रावरून येणारं वारं इथल्या डोंगरांना अडतं आणि हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ साचतं. घरांची छपरं पुन्हा पुन्हा साफ करावी लागतात, नाहीतर वजनाने घर बसतं. एप्रिल-मेमध्ये तेच बर्फ वितळून खाचरांना पाणी पुरवतं. शेजारच्या उओनुमाशी जोडलेल्या या पट्ट्यातला कोशिहिकारी जपानातल्या महागड्या तांदळांत मोडतो. म्हणजे पिकाला नाव आहे आणि भावही आहे. रस्तेही आहेत. निईगाताचेच सुपुत्र काकुएई तानाका १९७२ ते १९७४ या काळात पंतप्रधान होते. देशाच्या मागास कोपऱ्यांत रस्ते, बोगदे आणि वेगवान रेल्वे न्यायची त्यांची योजना गाजली. पूर्वी इथले पुरुष हिवाळाभर मजुरीला टोकियोकडे जात. ही परवड थांबावी हा त्यामागचा हेतू होता. १९८२मध्ये जोएत्सु शिन्कानसेन धावू लागली. तरीही २००५मध्ये आजूबाजूची गावं जोडून आजचं तोकामाची झालं तेव्हा साठ हजारांवर असलेली लोकसंख्या २०२०पर्यंत पन्नास हजारांच्या खाली आली. हिवाळ्यापुरतं जाणं थांबलं आणि कायमचं जाणं सोपं झालं. भाव, नाव, रस्ता, रेल्वे हे सगळं देऊनही गाव ओसरत असेल, तर दुखणं वेगळ्या जागी आहे असं मानायला हवं.

ते दुखणं समजायचं तर आधी भाताचा स्वभाव पाहायला हवा. गहू, ज्वारी, कापूस ही पिकं माणूस आपल्या बांधाच्या आत एकट्याने काढू शकतो. पाटपाण्यावरच्या भाताला तसं जमत नाही. पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरतं. वरच्याने पाणी अडवलं की खालच्याची लावणी खोळंबते. खालच्याने निचरा तुंबवला की वरच्याचं पीक सडतं. लावणीआधी चिखलणी, मग उभं पाणी, जुलैच्या सुमारास पाणी काढून माती भेगाळेपर्यंत वाळवणं, मग पुन्हा पाणी भरणं, असं हे तंत्र असतं. या प्रत्येक पायरीवर शेजाऱ्याचं वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाशी जुळावं लागतं.

म्हणून भाताच्या गावात वसंतातला एखादा रविवार पाटासाठी राखलेला असतो. घरटी एक माणूस फावडं घेऊन सकाळीच बंधाऱ्यापाशी हजर होतो. हिवाळाभर बर्फाखाली साचलेला गाळ, कुजलेली पानं, ढासळलेले दगड उपसत लोक खालच्या टोकापर्यंत जातात. ज्या घरातून कुणी आलं नाही त्या घराने ठरलेली रक्कम भरायची, असा बऱ्याच ठिकाणी दंडक असतो. काम आटोपलं की सगळे मिळून खातात-पितात, आणि यंदा कुणाचं शेत कोण करणार, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे तिथेच कळतं. रस्त्याची डागडुजी, देवळाचा उत्सव, लावणीची इर्जिक यांचा साचाही असाच. आधुनिक काळाआधी, शोगुनांच्या एदो राजवटीत सारा गावावर बसे, घरावर नाही. एक घर बुडालं तर त्याचा वाटा बाकीच्यांना भरावा लागे. शेजाऱ्याचं पीक नीट येणं हा आपल्याच पोटाचा प्रश्न असे.

या चित्राला सोन्याचा मुलामा चढवायचा माझा हेतू नाही. हे गाव निर्दयही होतं. नियम मोडणाऱ्या घराला वाळीत टाकलं जाई. अंत्यविधी आणि आग विझवणं सोडून बाकी कशातच कुणी त्याला साथ देत नसे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जवळपास निम्मी शेतजमीन कुळांकडे होती आणि कुळाला पिकाचा मोठा हिस्सा, बहुधा निम्म्याच्या आसपास, मालकाच्या कोठारात घालावा लागे. १९३४मध्ये थंडीने ईशान्य जपानातलं पीक बुडालं, तेव्हा कर्जात रुतलेल्या कुटुंबांनी पोटच्या मुली विकल्या. हे सगळं त्याच सहकाराच्या छायेत घडलं. सामायिक काम आणि सामायिक जुलूम एकाच गावात नांदत होते. जुलूम जावा आणि काम राहावं, हा खरा पेच होता.

त्यातलं पहिलं अर्धं काम जपानने फार चांगलं केलं. १९४६नंतरच्या जमीन सुधारणांत सरकारने जमीनदारांकडून जमिनी घेऊन कुळांना विकल्या. कुळांकडची जमीन एकूण जमिनीच्या सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आली. जगातल्या सर्वांत यशस्वी जमीन सुधारणांत तिची गणना होते, आणि ती रास्त आहे. काल ज्याला मालकापुढे मान वर करता येत नव्हती तो सरासरी एक हेक्टरचा धनी झाला. तांदूळ सरकार ठरल्या भावाने विकत घेई. ‘नोक्यो’ म्हणजे शेती सहकारी संस्था बियाणं, खत, कर्ज, विमा आणि विक्री यांची सोय करत. या गावांनी सत्ताधारी पक्षाला मतं दिली आणि पक्षाने तांदळाला भाव दिला.

१९६१मध्ये नवा कृषी कायदा आला. शेतकऱ्याचं उत्पन्न कारखान्यातल्या कामगाराच्या बरोबरीला यावं, हे त्याचं उद्दिष्ट होतं. आणि ते साधलंही, पण फार वेगळ्या वाटेने. आधी पॉवर टिलर आला, मग १९७०च्या दशकात लावणीचं यंत्र आणि कापणी-मळणी करणारं कंबाइन. दहा आर म्हणजे पाव एकर भाताला १९६०च्या सुमारास सुमारे १७० तास राबावं लागे. आज पंचवीसच्या आत तास पुरतात. उरलेल्या तासांचं काय झालं? घरातला कर्ता पुरुष कारखान्यात, बांधकामावर किंवा नगरपालिकेत नोकरीला लागला आणि शेती शनिवार-रविवारची झाली. आठवडाभर शेत सांभाळायला आजोबा, आजी आणि आई उरले. घराचं उत्पन्न कामगाराच्या बरोबरीला आलं ते घरातला माणूस स्वतःच कामगार झाल्यामुळे.

इथे झालेलं नुकसान हिशेबाच्या वहीत दिसत नाही. सरकारी अनुदान आणि सोपं कर्ज यांच्या जोरावर घरोघरी स्वतंत्र यंत्रं आली. लावणीचं यंत्र वर्षात मोजके दिवस चालतं आणि बाकी वर्षभर कोठीत झाकून ठेवलेलं असतं, तरी ते प्रत्येक घराला स्वतःचं हवं होतं. जपानी शेतीच्या अभ्यासकांनी यंत्रांच्या हप्त्यांनी आलेल्या या गरिबीवर पुष्कळ लिहिलं आहे. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. इर्जिकेची गरजच संपली. शेजाऱ्याच्या लावणीला न जाताही आपली लावणी होऊ लागली. कंबर मोडणारे कष्ट गेले, याचा आनंदच मानला पाहिजे. ज्या बायकांनी वाकून वाकून उभं आयुष्य काढलं त्यांना कुणी जुने दिवस परत या म्हणून सांगू नये. पण यंत्र सामायिक ठेवणं अशक्य नव्हतं. पुढे अनेक वाड्यांनी एकत्र येऊन शेती करणारे गट काढले आणि एकेका यंत्रावर सगळ्या वाडीचं काम भागतं हे दाखवूनही दिलं. पण तोवर एक पिढी निघून गेली होती.

मग आला कपातीचा काळ. १९६२मध्ये जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खाई. पाव, नूडल्स, मांस, दूध वाढलं तसा हा आकडा उतरत उतरत पन्नास किलोच्या आसपास आला. भाव चढा असल्याने पिकवणं मात्र थांबेना आणि सरकारी गोदामं भरून वाहू लागली. १९७०पासून सरकारने भाताखालचं क्षेत्र कमी करायला लावलं. कोटा ठरवून देण्याची ही पद्धत औपचारिकपणे संपली ती २०१८मध्ये. तिची झळ सर्वांत जास्त कुणाला बसली असेल, तर अकिता प्रांतातल्या ओगाता गावाला. हाचिरोगाता हे जपानातलं दुसऱ्या क्रमांकाचं सरोवर आटवून सरकारने १९६४मध्ये हे गाव वसवलं. देशभरातून निवडून आणलेल्या कुटुंबांना पंधरा-पंधरा हेक्टर जमीन दिली. भविष्यातली मोठी, आधुनिक भातशेती इथे उभी राहणार होती. लोक घरदार विकून आले, आणि काही वर्षांतच त्यांना सांगण्यात आलं की आता भात कमी लावा. काहींनी ऐकलं, काहींनी झुगारलं. गाव दोन तटांत फुटलं आणि ती दरी पुढे कित्येक वर्षं बुजली नाही. न पिकवण्याचे पैसे देणारं धोरण शेतकऱ्याच्या मनाचं काय करतं, याचा विचार टोकियोत कुणी केला होता असं दिसत नाही. पेरण्यात ज्याचा अभिमान होता त्याला पडीक ठेवण्यासाठी पैसे मिळू लागले. अशा घरातल्या मुलाने शहराची वाट धरली, तर त्याला बोल कसा लावायचा?

जमीन मात्र सुटली नाही. भाव टिकून होता, कर हलका होता, उद्या रस्त्यासाठी किंवा दुकानासाठी जमीन विकली जाईल अशी आशाही होती. वाडवडिलांची जमीन विकणं नामुष्कीचं वाटे, ते वेगळंच. परिणामी मालक सगळेच राहिले आणि शेतकरी कमी कमी होत गेले. आई-वडील गेल्यावर खाचर टोकियोतल्या मुलाच्या वाट्याला आलं. त्याने नोंदही केली नाही. ज्यांच्या मालकाचा पत्ता लागत नाही अशा जमिनीचं क्षेत्र २०१६च्या सुमारास ४१ लाख हेक्टर निघालं. क्यूशू बेटाहूनही हे क्षेत्र मोठं आहे. अखेर एप्रिल २०२४पासून वारसनोंद कायद्याने सक्तीची करावी लागली.

एक घर बंद झालं की गावात काय होतं, हे दुरून कळत नाही. डोंगरउतारावर खाचराचा बांध पुरुषभर उंच असतो आणि मे ते सप्टेंबर त्यावरचं गवत चार-पाच वेळा कापावं लागतं. सत्तरी-ऐंशीतली माणसं खांद्याला पट्टा अडकवून गवतकापणीचं यंत्र चालवत त्या उतारावर तिरकी उभी राहतात. हे काम कुणालाही नको असतं आणि पिकाच्या भावात त्याचा हिशेब धरलेला नसतो. बंद घराच्या खाचरात गवत माजलं की त्यात ढेकण्या वाढतात. त्या शेजारच्या भाताच्या दुधाळ दाण्यांतला रस शोषतात. दाण्यावर काळा डाग पडतो आणि सगळ्या मालाची प्रत उतरते. चिचुंद्रीसारखा प्राणी बांधात बिळं पाडतो. रोज फेरी मारणारा कुणी नसल्याने गळती लक्षात येत नाही आणि एका पावसात बांध बसतो. त्याच्या खालची खाचरं गाळाने भरतात. झाडोरा वाढला की रानडुकरं आणि अस्वलं घरांपर्यंत येतात. पाटाच्या कामाला पूर्वी वीस माणसं येत तिथे सहा येतात, पाटाची लांबी मात्र तेवढीच राहते. शेवटी उरलेल्यांपैकी एकजण म्हणतो की यंदा मी थांबतो, आणि सगळ्यांनाच थांबावं लागतं. भातशेतीत एकाचं सोडणं हे कधीच एकाचं राहत नाही.

यावर अर्थतज्ज्ञांचं एक ठाम उत्तर असतं. लहान शेतकरी टिकवण्याचा हट्ट सोडा, जमिनी एकत्र करा, मोठे शेतकरी आणि कंपन्या पुढे येऊ द्या, तांदूळ स्वस्त होईल. सपाट प्रदेशापुरतं हे उत्तर मला बव्हंशी मान्य आहे. होक्काइदोत, शोनाईच्या मैदानात, निईगाताच्या सखल भागात मोठी शेतं चालतात आणि तरुणही तिकडे वळतात. जमिनी भाड्याने एकत्र करून देणारी सरकारी यंत्रणा २०१४पासून आहे आणि तिची गरजही होती. पण जपानची सुमारे चाळीस टक्के शेतजमीन डोंगराळ भागांत आहे. तिथे शंभर तुकडे एकाच्या नावावर झाले तरी तुकडे शंभरच राहतात, बांध तेवढेच आणि गवतही तेवढंच. देशभरातल्या शेतीच्या पाटांची लांबी सुमारे चार लाख किलोमीटर भरते. त्यातले लहान पाट गावकरीच सांभाळत आले आहेत. मोठा शेतकरी ट्रॅक्टर चालवेल, पण वीस माणसांचा रविवार तो एकटा कुठून आणणार? पूर्वीचे शेजारी आता जमीन भाड्याने देऊन मोकळे झालेले असतात. मोठ्या शेतीलाही शेवटी गाव लागतं, आणि एकत्रीकरणाच्या गणितात तेच धरलेलं नाही.

आणि या गावाच्या कामाचा फायदा एकट्या शेतकऱ्याला होतो असंही नाही. निईगातातच मुराकामीमध्ये २००२पासून ‘खाचरांचं धरण’ उभं राहिलं. खाचराच्या निचऱ्याच्या तोंडावर लहान भोकाची फळी बसवायची, एवढंच तंत्र. जोराच्या पावसात पाणी खाचरात थोपतं आणि हळूहळू उतरतं, त्यामुळे खालच्या वस्त्यांत पुराचा धोका कमी होतो. फळी बसवणारा, बांध मजबूत ठेवणारा वरचा शेतकरी असतो आणि घर वाचतं ते खालच्या शहरवासीयाचं. सादो बेटावर तोकी या पक्ष्याची गोष्टही अशीच. जपानात जन्मलेला शेवटचा तोकी २००३मध्ये मेला. चीनकडून मिळालेल्या जोडीपासून पैदास करून २००८मध्ये पक्षी पुन्हा मोकळे सोडले गेले. ते जगले, कारण शेतकऱ्यांनी औषधं कमी केली, हिवाळ्यात खाचरांत पाणी ठेवलं आणि कडेने चर खणून बेडूक, मासोळ्यांना आसरा दिला. अशा रीतीने पिकवलेला तांदूळ वेगळ्या शिक्क्याने विकला जातो. पण एकट्याने पाणी ठेवून पक्षी येत नाही, सगळं शिवार ओलं राहावं लागतं.

म्हणून माझ्या मते पैसा पिकाच्या भावातून कमी आणि सामायिक कामाच्या मोबदल्यातून जास्त जायला हवा. जपानने या दिशेने पावलं टाकली आहेत. २०००पासून डोंगराळ भागातल्या वाड्यांना थेट अनुदान मिळतं. त्यासाठी वाडीने एकत्र बसून पाच वर्षं जमीन कसण्याचा करार करावा लागतो. यातलं तत्त्व बरोबर आहे, कारण सरकार इथे एकेका घराशी न बोलता वाडीशी बोलतं. अडचण इतकीच की ही सुरुवात तीस वर्षं उशिरा झाली. पंचाहत्तरीतल्या माणसाला पाच वर्षांच्या करारावर सही करायला धीर होत नाही. हा पैसा १९७०मध्ये, न पिकवण्याच्या पैशाऐवजी मिळाला असता, तर आज सही करायला त्याच्या शेजारी मुलगा बसलेला असता.

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हक्काचा आहे. जपानी गावाच्या बैठकीत परंपरेने घरटी एक माणूस बसतो आणि तो बहुधा वयाने थोर पुरुष असतो. सुनेने तीस वर्षं शेत केलं तरी तिचं मत घराच्या मतात विरलेलं असतं. ज्या मुलींनी आईचं हे जिणं पाहिलं त्यांनी गावात लग्न करून राहण्याचं नाकारलं, यात नवल नाही. गावं रिकामी होण्याची कारणमीमांसा करताना उत्पन्न आणि नोकऱ्या यांवर रकाने भरतात, पण तरुण बायका का गेल्या हे विचारलं तर उत्तर बैठकीच्या त्या खोलीत सापडतं. बाहेरून आलेल्यांचंही तेच. २००९पासून सरकार शहरातल्या तरुणांना मानधन देऊन तीन वर्षांपर्यंत गावांत पाठवतं. त्यातले कित्येक मुदतीनंतरही तिथेच राहतात. ते कष्ट करतात, उत्सवात ढोल वाजवतात, पण पाण्याच्या वाटपात त्यांचा शब्द चालायला किती वर्षं लागावीत, यावर त्यांचं राहणं ठरतं.

तोकामाचीत याचंही उत्तर शोधणं चालू आहे. २०००पासून तिथे आणि शेजारच्या त्सुनानमध्ये फ्राम कितागावा यांच्या दिग्दर्शनाखाली दर तीन वर्षांनी कलामहोत्सव भरतो. बंद शाळा, ओसाड घरं आणि उतारावरची खाचरं हीच त्याची दालनं. महोत्सवाने गावाची लोकसंख्या वाढली नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण त्यातून पडीक होऊ घातलेली खाचरं सांभाळण्याची एक योजना निघाली. शहरातले लोक वर्गणी भरून खाचरांचे पालक होतात, लावणी-कापणीला येतात आणि वाट्याचा तांदूळ नेतात. त्या खाचरांत वर्षभर काम कोण करतं, तर एका महिला फुटबॉल संघाच्या खेळाडू. त्या या भागात राहायला आल्या, सराव करतात, सामने खेळतात आणि उरलेल्या वेळात बांधावरचं गवत कापतात, चिखल तुडवतात, खाचर राखतात. या मुलींचं इथे वाडवडिलांचं घर नाही, सातबाराही नाही. पण त्या हजर आहेत, आणि भाताच्या गावात हजर माणसाचा शब्द गैरहजर मालकाच्या नावापेक्षा वजनदार ठरायला हवा. जपानचं भवितव्य मला या एका तत्त्वात दिसतं.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत, बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात जपानी पद्धतीच्या भातलागवडीचे प्रयोग झाले आणि १९५३मध्ये तिची देशव्यापी मोहीम निघाली. मिठाच्या पाण्यात बुडवून निवडलेलं बियाणं, गादीवाफ्यावरची रोपं, ओळीतली लावणी, हातकोळप्याने कोळपणी आणि भरपूर खत, हे कोकणातल्या शेतकऱ्यांनी तेव्हा शिकून घेतलं. आपण जपानकडून तंत्र घेतलं. ते तंत्र ज्या पायावर उभं होतं, ती पाण्याची शिस्त आणि पाटाची सामायिक जबाबदारी, मात्र आणली नाही. जमिनीच्या बाबतीत आपणही मागे नव्हतो. १९४८च्या कूळकायद्याने कोकणात कुळं मालक झाली. पण पुढची कथा जपानसारखीच वळली. सातबाऱ्यावर नावांची रांग, नावं असलेली माणसं मुंबईत, बांधावर माकडं आणि रानडुकरं, आणि गणपती-शिमग्यापुरती उघडणारी घरं. जपान श्रीमंत होऊन जिथे पोहोचला तिथे आपण श्रीमंत न होताच पोहोचत आहोत.

म्हणून जपानच्या भातगावाकडे पाहून हळहळण्यात वेळ घालवू नये. त्याच्याकडून तीन गोष्टी शिकायच्या आहेत आणि त्या कोकणालाही तितक्याच लागू आहेत. पाट, बांध आणि पाणवठे राखणं हे सार्वजनिक काम आहे. ते करणाऱ्या वाडीला दरवर्षी मोबदला मिळावा, हमीभावापासून स्वतंत्र. गैरहजर मालकाची मालकी राहू द्यावी, पण जो गावात राहून ती जमीन कसायला तयार आहे त्याला दीर्घ मुदतीचा, मालकाच्या मर्जीवर न लोंबकळणारा हक्क द्यावा. आणि गावकीत घरटी एक जागा न ठेवता काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला जागा असावी, मग ती सून असो की बाहेरून आलेला. तांदळाचा भाव चढला म्हणून जपानने मंत्री बदलला. पाटावर यायला माणूस उरलेला नाही, या गोष्टीसाठी आजवर कुठल्याही देशात सरकार हललेलं नाही. ते हलवण्याची मागणी गावात राहणाऱ्यांनी आणि गावचा तांदूळ खाणाऱ्यांनी मिळून करायला हवी. पाटावर सहा माणसं अजून येत आहेत, तेवढ्यातच ती करायला हवी.